याला अर्थ नाही

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कानवाल्या बाई गच्चीवर स्टुलावर चढून उभ्या होत्या. दातांत पेन्सिल, हातात झाडूचा लांब दांडा, दांड्याच्या टोकाला चिकटपट्टीने अडकवलेली मोजपट्टी. समोर अॅल्युमिनियमची एक नळी, कठड्याला पट्ट्यांनी आवळलेल्या लोखंडी खुंटावर सरळ उभी. तिचं बूड बाईंच्या गुडघ्याशी होतं आणि शेंडा स्टूल, बाई आणि झाडू अशी सगळी उंची एकत्र केली तरी हाताला लागत नव्हता. निम्म्याहून वर दोन ठिकाणी नळी अचानक जाड झाली होती, जणू तिने एकापाठोपाठ एक दोन डबे गिळले होते आणि ते खाली उतरलेच नव्हते.

ही नळी नेमकी काय आहे, एवढंच बाईंना शोधून काढायचं होतं. दिवस गुरुवार होता. मुदत शनिवारची होती.

सव्वासहाला जिन्याचं दार करकरलं आणि सेक्रेटरी आले. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी. रोज याच वेळी ते स्वतः वर येऊन टाकीचा व्हॉल्व्ह उघडत आणि इमारतीला पाणी सोडत. हे काम त्यांनी वॉचमनलाही कधी करू दिलं नव्हतं.

“उतरा खाली. पडाल.”

“पडले तर तुमच्या अंगावर पडेन. लांब उभे राहा,” बाई पेन्सिल न काढता म्हणाल्या.

“भंगारवाल्याला शनिवारी बोलावलंय, सांगून ठेवतो.”

“येऊ दे की. चहा पाजू त्याला. नळी देणार नाही.”

“तुमची आहे का ती?”

“तुमची आहे?”

“कुणाचीच नाही, म्हणूनच काढायची! काय आहे तेसुद्धा कुणाला माहीत नाही.”

“काय आहे ते कळत नाही, तोवर काढता कशी?”

“काय आहे ते कळत नाही, तोवर ठेवायची तरी कशी?”

दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे भांडण पुढे सरकेना. सेक्रेटरींनी कानामागचं यंत्र बोटाने जरा दाबलं, व्हॉल्व्ह फिरवला आणि खाली गेले. ते यंत्र गेल्याच आठवड्यात बाईंनी साफ करून, कानात जाणारी नवी नळी घालून दिलं होतं.

बाईंचा तो व्यवसायच. एका अरुंद गल्लीत त्यांचं आणि नवऱ्याचं मिळून एक दुकान आहे. पुढच्या भागात नवरा चष्म्याच्या काचा घासतो, मागच्या भागात बाई ऐकण्याची यंत्रं दुरुस्त करतात. गिऱ्हाईक दारात आलं की नवरा विचारतो, “डोळे की कान?” कान म्हटलं की अंगठ्याने मागे दाखवतो. मळ काढायचा, माइक बदलायचा, शिट्टी मारणारं यंत्र गप्प करायचं, ही कामं बाई तरुणपणापासून करताहेत. त्यांना ‘कानवाल्या बाई’ हे नाव कधी पडलं ते आता त्यांनाही आठवत नाही.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी हौशी रेडिओची परीक्षा दिली. परवाना मिळाला की घरच्या रेडिओ सेटवरून जगात कुणाशीही बोलता येतं, मध्ये टेलिफोन कंपनी लागत नाही की इंटरनेट. पहिल्या खेपेला त्या नियमांच्या पेपरात नापास झाल्या. “नियम तुला घरात तरी कुठे पाळता येतात?” असं नवरा म्हणाला होता. दुसऱ्या खेपेला पास झाल्या. सेट घेतला. मग घोडं अडलं ते अँटेनापाशी. कमिटीकडे त्यांनी गच्चीवर अँटेना लावायची परवानगी मागितली आणि उत्तर आलं, गच्चीवर नवीन काहीही उभारता येणार नाही.

तेव्हापासून तीन वर्षं बाईंचा अँटेना म्हणजे पडद्याच्या दांडीवरून फिरवलेली वायर. तिच्यावर ऐकू यायचं. बोलायला गेलं की शेजारच्या टीव्हीवर आडव्या रेघा यायच्या आणि पलीकडच्या माणसाला काहीच ऐकू जायचं नाही. परवाना बोलण्याचा आणि काम पुन्हा ऐकण्याचंच. याचा बाईंना राग होता आणि तो त्या लपवत नव्हत्या.

अशात महिन्याभरापूर्वी गच्चीला पाणी गळू नये म्हणून डांबराचा थर द्यायचं ठरलं आणि टाकीमागची ती नळी सगळ्यांच्या डोळ्यांवर आली. इतकी वर्षं ती तिथे होती, पण पाइप म्हणून सगळ्यांनी तिच्याकडे कानाडोळा केला होता. बाई गच्चीवर धावत गेल्या, खालून वर बघितलं आणि त्यांची खात्री पटली की हा हौशी रेडिओचाच अँटेना आहे. नवीन उभारायला बंदी होती. जुना उभा असलेला वापरायला बंदी नव्हती. बाईंना हवी होती तेवढी फट नियमात सापडली.

पण रविवारच्या मीटिंगमध्ये त्या स्वतःच तोंडावर पडल्या.

“हा एका बँडचा अँटेना आहे,” त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. बँड म्हणजे रेडिओ लहरींचा एक ठरलेला पट्टा. “कधीतरी दोनदा मोडला असणार, म्हणून मधले ते दोन जाड जोड. आत्ता लावून दाखवते.” सगळी कमिटी गच्चीवर आली. बाईंनी सेट आणला, वायर जोडली, मीटर लावला. मीटरची सुई घाबरलेल्या माणसासारखी इकडेतिकडे पळत राहिली. कुठल्याच आकड्यावर स्थिर होईना. तरीही त्यांनी बोलायचं बटण दाबलं. सेटने ‘टक’ असा आवाज केला आणि स्वतःला वाचवायला बंद पडला.

“आवाज तर आला,” नवरा म्हणाला. कमिटी हसली.

मग सेक्रेटरींनी वायरमनला बोलावून बुधवारी पाहणी करून घेतली आणि तळमजल्याच्या फळ्यावर खडूने, सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘गच्चीवरील लोखंडी नळीची वायरमनने पाहणी केली. त्याच्या मते याला अर्थ नाही. सबब ही नळी व गच्चीवरील इतर सर्व अनधिकृत वस्तू शनिवारी काढण्यात येतील.’

बाईंनी खाली लिहिलं: ‘अॅल्युमिनियमची आहे. काढू देणार नाही.’

गुरुवारी सकाळी मोजमापं घेऊन झाल्यावरही त्यांचं कोडं सुटलं नव्हतं. एका बँडच्या अँटेनाची एक ठरावीक उंची असते. ही नळी कुठल्याच एका बँडला बसत नव्हती. दुकान उघडल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते वायरमनला फोन करण्याचं.

“ये इकडे. भांडायचंय.”

तो आला. कमरेला पक्कड, चेहऱ्यावर अजिबात भीती नाही.

“काय हो ताई?”

“तुला रेडिओतलं काय कळतं?”

“काही नाही.”

“मग एवढी चांगली वस्तू, तिला अर्थ नाही म्हणून कसं सांगितलंस? सगळी इमारत हसतेय.”

“नाहीच तर! मी बघितलं ना वाकून. अर्थ नाही म्हणजे नाही.”

“अरे, पण कशावरून?”

“वायरच नाही ना खाली!”

काच घासणाऱ्या नवऱ्याचे हात थांबले.

“कसली वायर?”

“अर्थची! अर्थिंग हो, ताई. मला वाटलं वीज पडू नये म्हणून लावतात तो खांब असेल. त्याला अर्थ पाहिजे की नको? मी सेक्रेटरीसाहेबांना म्हटलं, याला अर्थ नाही, हे असं ठेवणं बरोबर नाही. ते म्हणाले, बरं.”

नवरा इतका हसला की त्याच्या हातातली काच खाली पडली. बाई हसल्या नाहीत. “आणि तू बघितलंस तरी कुठे?”

“बुडाशी. वरून डांबरी पट्टी गुंडाळलीय, ती जरा सोडवली. आत गोल कडी आहे, तिला सहा बोल्ट. बोल्टांत हिरव्या वायरीचे तुकडे अडकलेत. म्हणजे आधी अर्थ होता, ताई. कुणीतरी ओढून नेलाय.”

बाईंनी हातातलं यंत्र खाली ठेवलं. महिनाभर त्या नळीकडे मान वर करूनच बघत होत्या. दोन डबे, शेंडा, जोड. बुडाशी वाकून बघायचं त्यांना सुचलं नव्हतं, आणि जे सुचायला हवं होतं ते परीक्षेत त्यांनी लिहिलंही होतं: असा उभा अँटेना म्हणजे अर्धाच अँटेना असतो. उरलेला अर्धा त्याच्या बुडापासून आडव्या पसरलेल्या वायरींचा. त्या नसतील तर सुई पळतच राहणार.

“दुकान बघा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

“कान आला तर?”

“बसवून ठेवा. चष्मा विका त्याला.”

दुपारच्या उन्हात गच्चीवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वाळलेले कपडे काढत होत्या. काकू या इमारतीत सगळ्यांच्या आधी राहायला आलेल्या. त्यांच्या वाटेला सेक्रेटरीही सहसा जात नसत. टाकीच्या पाइपापासून जिन्याच्या खोलीच्या हुकांपर्यंत त्यांच्या वायरी ताणलेल्या होत्या. हिरव्या, प्लॅस्टिकच्या आवरणाच्या. बाई रोज त्यांच्याखालून वाकून जात होत्या. आज त्या वाकल्या नाहीत, मध्येच उभ्या राहिल्या.

“काकू, या वायरी कुठून आणल्यात?”

“का? कुणी विचारलंय?”

“मीच विचारतेय.”

“त्या खांबाच्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर एक भाडेकरू राहायचा ना, दिवसभर कानाला काहीतरी लावून बसलेला. तो गेला, खांब इथेच टाकून गेला. वायरी सगळ्या पायात यायच्या. एकदा मी अडखळले, तशा काढल्या. तुटता तुटेनात मेल्या. पण कपड्याला गंज लागत नाही हां, तांब्याच्या आहेत आतून.”

“कापल्यात का तुम्ही त्या?”

“वेडी की काय! चांगली वायर कुणी कापतं का? जशा होत्या तशा लावल्या.” काकूंनी उशीचा अभ्रा खांद्यावर टाकला आणि हात करून दाखवलं. “सहा होत्या, पण सारख्या नव्हत्या. जोड्या होत्या. या दोन लांब, त्यांवर चादरी टाकते. या दोन मधल्या, टॉवेलच्या. आणि त्या पलीकडच्या दोन पिटुकल्या, त्यांवर मोजे आणि रुमाल.”

बाईंनी मोजपट्टी काढली. चादरींच्या वायरी पाच मीटरच्या. टॉवेलच्या साडेतीनला जरा कमी. मोज्यांच्या अडीच.

मग त्या पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसल्या आणि मोठ्याने हसल्या. काकूंनी आधी कपडे सावरले, मग विचारलं, “ऊन लागलं का गं?”

“काकू, तीन बँड आहेत हो त्याला! मी एक म्हणत बसले होते.”

हौशी रेडिओवाल्यांच्या बँडना लहरींच्या लांबीवरून नावं आहेत: वीस मीटर, पंधरा मीटर, दहा मीटर. आडवी वायर लागते ती लहरीच्या चौथ्या हिश्श्याइतकी. विसाची पाच, दहाची अडीच, मधलीची साडेतीनच्या आसपास, कारण ‘पंधरा मीटर’ हे नाव मोघम, खरी लहर चौदाची. चादर, टॉवेल आणि मोजे. आणि नळीवरचे ते दोन डबे मोडलेल्या जागचे जोड नव्हतेच. त्यांच्या आत तारेची वेटोळी होती. एका लहरीला ती तिथेच अडवतात आणि दुसरीला वर जाऊ देतात, त्यामुळे एकच नळी तिघींना पुरते. अशा डब्याला हौशी लोक ‘ट्रॅप’ म्हणतात. दोन ट्रॅप, तीन भाग, वायरींच्या तीन जोड्या. सकाळपासूनची मापं आता आपोआप जागच्या जागी बसली.

“काकू, मला या वायरी हव्यात.”

“मिळणार नाहीत.”

“अहो, त्या खांबाच्याच आहेत.”

“होत्या. आता माझ्या आहेत. माझ्या चादरी काय तुझ्या रेडिओवर वाळत घालू?”

“हो,” बाई म्हणाल्या. “तसंच करू.”

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. बाईंनी समजावलं. वायरी एका टोकाला नळीच्या बुडाशी जोडायच्या आणि दुसरं टोक, मध्ये नायलॉनची दोरी बांधून, काकूंच्याच हुकांना. सकाळी आठपर्यंत रेडिओ. त्यानंतर सेट बंद, वायर काढलेली आणि मग दिवसभर कपडे. रेडिओ चालू असताना मात्र वायरींना हात लावायचा नाही.

“आणि नाही दिल्या तर?”

“शनिवारी दोन्ही जातील. खांबही आणि वायरीही. फळ्यावरचं वाचलं नाहीत का? ‘इतर सर्व अनधिकृत वस्तू’.”

काकूंनी ते वाचलं नव्हतं. त्यांनी अभ्र्याची घडी घातली, ती पुन्हा मोडली आणि म्हणाल्या, “माझ्या दोऱ्या अनधिकृत? कोण म्हणतो? येऊ दे त्याला वर. मी इथेच बसते.”

शुक्रवारी संध्याकाळी पाचला कमिटी पुन्हा गच्चीवर जमली. काकू टाकीजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर ओल्या टॉवेलांची बादली. वायरमनने दुपारीच वायरी बोल्टांत बसवल्या होत्या आणि वर स्वतःच्या समाधानासाठी एक खरा अर्थही देऊन टाकला होता, जाड पट्टीचा, थेट जमिनीपर्यंत.

“आधी सांगते, रविवारी मी चुकले होते,” बाई म्हणाल्या. “हा एका बँडचा नाही, तीन बँडचा आहे. हे दोन जोड नाहीत. ट्रॅप आहेत.”

“ट्रॅप?” सेक्रेटरी दचकले. “आमच्या खात्यात ट्रॅप लागला की अर्धं ऑफिस रजेवर जायचं.”

“इथे कुणी लाच खात नाही, बसा निवांत.”

“कंपनी कुठली?”

“माहीत नाही. शिक्का झिजलाय.”

“म्हणजे अजून ओळख पटलेली नाही.”

“काय आहे ते विचारलं होतंत, कुणी बनवलं ते नाही. आता सुई बघा.”

मीटरची सुई विसावर खाली बसली. पंधरावर बसली. दहावर जरा उशिराने, पण बसली. सेक्रेटरी वाकून बघत होते. मग ते सरळ झाले आणि वायरमनकडे वळले.

“तू तर म्हणाला होतास, याला अर्थ नाही!”

“नव्हताच, साहेब. आज दिला.”

सगळे हसले ते थांबायला वेळ लागला. सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला. “मी जे ऐकलं तेच लिहिलं. ऐकण्यात माझी चूक नाही,” ते बाईंना म्हणाले. “यंत्र तुम्हीच दुरुस्त केलंय.”

यंत्र खरोखरच उत्तम चाललं होतं.

बाईंनी सेट लावला, वीस मीटरवर कान दिला, एक रिकामी जागा पाहून स्वतःची खूण, म्हणजे परवान्यावरची अक्षरं आणि आकडा, सांगितली आणि थांबल्या. कुणी नाही. पुन्हा सांगितली. काकू म्हणाल्या, “मोठ्याने बोल.” तिसऱ्या खेपेला खरखरीतून एका पुरुषाचा आवाज वर आला. हजारो किलोमीटरवरच्या कुठल्याशा बंदरात तो क्रेन चालवत होता. तुमचा आवाज स्वच्छ येतोय, तो म्हणाला. आणि मग हौशी रेडिओवर नवा माणूस भेटला की विचारतातच ते त्याने विचारलं: अँटेना कोणता आहे तुमचा?

बाईंनी कमिटीकडे बघितलं.

“उभा आहे,” त्या माइकमध्ये म्हणाल्या. “दोन ट्रॅपचा, तीन बँडचा. खाली सहा आडव्या वायरी. जुना आहे, पण इथेच होता आणि इथेच राहणार आहे.”

शेवटचं वाक्य क्रेनवाल्यासाठी नव्हतं.

तेवढ्यात सेक्रेटरींनी कानावर हात मारला. “अहो! तुम्ही बोलताय ते माझ्या कानात बडबडतंय! डोक्याच्या आतून!”

हे बाईंना अपेक्षित नव्हतं. त्यांनी बटण सोडलं. बडबड थांबली. पुन्हा दाबलं, सेक्रेटरी पुन्हा उडाले. अँटेनाच्या इतक्या जवळ उभं राहिलं की कानाचं यंत्र कधीकधी लहर पकडतं. जिन्याच्या दारापर्यंत गेल्यावर आवाज गेला. घरात काहीच येत नव्हतं, तेही त्यांनी खाली जाऊन बघितलं. परत आले ते नवा मुद्दा घेऊन.

“आणि रोज सकाळी सव्वासहाला मी व्हॉल्व्ह उघडायला इथे येतो, त्याचं काय?”

“मी सहापासून बोलणार,” बाई म्हणाल्या. “यंत्र काढून या.”

“यंत्राशिवाय मी जिना उतरत नाही. तुम्ही सातनंतर बोला.”

“आठला चादरी येतात. मी तीन वर्षं पडद्याच्या दांडीवर काढलीत. एक मिनिट सोडणार नाही.”

“मग मी काय पाणी सोडू नको?”

“सोडा की,” काकू बादलीवरून म्हणाल्या. “लवकर सोडा. तशीही तुम्हाला झोप कुठे येते.”

कमिटीने मतासाठी हात वर केले. नळी आणि वायरी ‘आधीपासून असलेल्या वस्तू’ ठरल्या. सेक्रेटरींनी मत दिलं नाही, विरोधही केला नाही. खाली जाऊन त्यांनी फळ्यावरचं ‘सबब’पासूनचं वाक्य ओल्या फडक्याने पुसलं, आणि बाईंनी लिहिलेली ओळही. वरची दोन वाक्यं ठेवली. ती त्यांनी ऐकल्याप्रमाणे लिहिली होती, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘याला अर्थ नाही’ हे अजून फळ्यावर आहे. येणारेजाणारे वाचतात आणि कशाबद्दल आहे ते विचारतात.

त्याच्या खाली सेक्रेटरींनी त्याच सुवाच्य अक्षरात एक ओळ नव्याने लिहिली आहे: शनिवारपासून इमारतीला पाणी सव्वासहाऐवजी पावणेसहाला सुटेल.